चित्रफितीचे वेष्टन : संग्राहकांच्या नजरेतून

आमच्या तालुक्याच्या गावी १९८६ च्या सुमारास एक व्हिडिओ लायब्ररी होती. भिंतीवरच्या फळ्यांवर मांडलेल्या कॅसेटच्या डब्या रिकाम्या असत; खरी कॅसेट मालकाच्या पाठीमागच्या कपाटात ठेवलेली असे. ग्राहकाने चित्र पाहावे, आवडलेली डबी गल्ल्यावर आणून ठेवावी आणि मालकाने आतून कॅसेट काढून द्यावी, असा तिथला रिवाज. शनिवारी रात्री घरातल्या सर्वांनी मिळून कोणता चित्रपट पाहायचा, याचा निर्णय त्या वीतभर चित्रावरून होत असे. कित्येकदा ते चित्र आम्हांला फसवीत असे. तरीही पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा चित्रावरच विश्वास ठेवीत असू.

कॅसेट गेली, व्हीसीडी गेली, डीव्हीडीही बहुतेक घरांतून गेली. परंतु चित्रपट डबीतून घरी आणून फळीवर जपून ठेवणारा एक रसिकवर्ग जगभर अद्याप आहे. हे संग्राहक एकत्र आले की चर्चा जितकी चित्रपटांची होते, तितकीच त्यांच्या वेष्टनांची होते. वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यांचे म्हणणे नीट ऐकले, तर त्यात कलेचा, प्रामाणिकपणाचा आणि आठवणींचा विचार दडलेला आढळतो.

पोस्टरपासून तळहातापर्यंत

चित्रपटाचे चित्र मुळात भिंतीसाठी जन्मले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’साठी केलेले पोस्टर हे भारतातील सर्वांत जुन्या उपलब्ध पोस्टरांपैकी मानले जाते. त्याच कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी पुढे ‘मुघल-ए-आझम’ची जाहिरात-चित्रे रंगविली. आपल्याकडचे नेहमीचे पोस्टर तीस इंच रुंद आणि चाळीस इंच उंच असे. रस्त्यावरून जाणाऱ्याने क्षणभर थांबावे, एवढे त्यात सामर्थ्य असावे लागे.

व्हीएचएस कॅसेट १९७६ साली जपानमध्ये आली आणि या चित्राला जेमतेम १९ सेंटिमीटर उंचीच्या डबीवर उतरावे लागले. १९७८ मध्ये अमेरिकेत आलेल्या लेसर डिस्कचे वेष्टन मात्र ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढे, सुमारे ३० सेंटिमीटर चौरस होते. जुने संग्राहक आजही त्या वेष्टनांविषयी हळहळतात, कारण ती भिंतीवर टांगता येत. १९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या डीव्हीडीची डबी १९ सेंटिमीटर उंच व साडेतेरा सेंटिमीटर रुंद ठरली. आतली चकती अवघी १२ सेंटिमीटरची असताना डबी एवढी उंच का? तर कॅसेटसाठी केलेल्या फळ्यांवरच तिला उभे राहायचे होते. २००६ मधील ब्लू-रेची डबी आणखी बुटकी झाली आणि आता चित्र मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढे उरले आहे.

चेहऱ्यांची गर्दी

संग्राहकांची सर्वांत जुनी तक्रार याच आक्रसण्यातून जन्मली. चित्र लहान झाले, तेव्हा विक्रेत्यांनी सोपा मार्ग धरला : प्रमुख नटनट्यांचे चेहरे छायाचित्रांतून कापून घ्यायचे, मोठे करून शेजारी शेजारी चिकटवायचे आणि खाली एखादी मोटार किंवा शहराची रात्र दाखवायची. दुकानात चार हातांवरून ओळखीचा चेहरा दिसला की गिऱ्हाईक थांबते, हा त्यामागचा हिशोब. संग्राहकांना हे रुचत नाही. त्यांच्या मते, ज्या चित्रपटाचे मूळ पोस्टर एखाद्या चित्रकाराने मन लावून रंगविले होते, त्यावर असे चेहऱ्यांचे गाठोडे ठेवणे हा त्या चित्रकाराचा अवमान आहे.

दुसरी तक्रार अधिक गमतीची आहे. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाचा सारा धक्का शेवटच्या दृश्यात आहे. तरीही त्याच्या काही घरगुती आवृत्त्यांवर नेमके तेच दृश्य मुखपृष्ठ म्हणून छापले गेले! ज्याने तो पाहिला आहे त्याला ते चित्र भव्य वाटते; ज्याने पाहिला नाही त्याचा आनंद डबी उघडण्यापूर्वीच हिरावला जातो. वेष्टनाने आतल्या वस्तूची ओळख करून द्यावी. तिचे गुपित फोडू नये.

मग मूळ पोस्टरच नेहमी छापावे काय? येथे संग्राहकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, मूळ चित्र हा इतिहासाचा भाग आहे, त्याला हात लावू नये. दुसरा म्हणतो, प्रत्येक पिढीने जुन्या कलाकृतीकडे नव्या डोळ्यांनी पाहावे. इंग्लंडमधील ‘ॲरो व्हिडिओ’ या प्रकाशकांनी या वादावर साधा तोडगा काढला. त्यांच्या अनेक आवृत्त्यांत कागदाच्या एका बाजूस नवे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूस मूळ पोस्टर. ज्याला जे आवडेल त्याने ते बाहेर ठेवावे! दोन्ही मतांना जागा देणारी ही युक्ती संग्राहकांना मनापासून भावली.

सत्यजित राय यांची गोष्ट

या वादाचा सर्वांत नाजूक प्रसंग आपल्याच देशातील चित्रपटांशी निगडित आहे. सत्यजित राय दिग्दर्शक होण्यापूर्वी कोलकात्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत चित्रकार होते आणि सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठे करीत. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनीच काढली आणि त्या कामातूनच चित्रपटाचे बीज त्यांच्या मनात रुजले. पुढे आपल्या कित्येक चित्रपटांची पोस्टरेही त्यांनी स्वतः रेखाटली. अक्षरांची वळणेसुद्धा त्यांची स्वतःची असत.

१९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला आग लागली आणि ‘अपू’ चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हची मोठी हानी झाली. जळके, ठिसूळ तुकडे अमेरिकेतील ॲकॅडमीच्या संग्रहालयाने जपले. इटलीतील बोलोन्या येथील तज्ज्ञांनी, जेवढे वाचले होते तेवढे हाताने सांधून पुन्हा उभे केले आणि २०१५ मध्ये ‘क्रायटेरियन कलेक्शन’ने ही त्रयी घरगुती संग्रहासाठी प्रसिद्ध केली.

अशा कलावंताच्या चित्रपटाला वेष्टन करताना प्रश्न उभा राहतो : ज्याने स्वतःच आपल्या कृतीचे मुखचित्र रेखाटले आहे, त्याच्या चित्रपटावर दुसऱ्याने काढलेले चित्र लावावे काय? बंगाली अक्षरांचे वळण परदेशी वाचकाला कळणार नाही म्हणून गाळावे काय? माझे मत विचाराल, तर नवे चित्र बाहेर असण्यास हरकत नाही. पण रायांचे पोस्टर आतल्या पुस्तिकेत तरी असलेच पाहिजे. आगीतून वाचलेल्या चित्रपटाची स्मृती जपायची, तर त्याचा मूळ चेहराही जपायला हवा.

डबीचे गुणदोष

चित्रानंतर येते ती डबी. डीव्हीडीच्या आरंभकाळी काही मोठ्या कंपन्यांनी पुठ्ठ्याचे वेष्टन व कडेला प्लॅस्टिकची पकड असा प्रकार वापरला. त्याचे कोपरे लवकर झिजत, म्हणून संग्राहकांनी तो नापसंत केला आणि काही वर्षांत तो मागे पडला. पुढे प्लॅस्टिक वाचावे म्हणून डबीच्या भिंतींना भोके पाडण्यात आली. हेतू उत्तम, पण त्या भोकांवरचा कागद बोट लागताच आत दबू लागला. वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू करण्यात खरी काटकसर आहे की कमी साहित्य वापरण्यात, हा प्रश्न केवळ संग्राहकांचा नाही. तो आपल्या प्रत्येक घराचा आहे.

कडेच्या पट्टीचे वेडही विलक्षण आहे. क्रायटेरियन प्रत्येक चित्रपटाला क्रमांक देते आणि तो पट्टीवर छापते. पहिला क्रमांक ‘ग्रँड इल्यूजन’चा, दुसरा ‘सेव्हन समुराय’चा. फळीवर मधला एखादा आकडा नसला की संग्राहक अस्वस्थ होतो आणि कधी कधी चित्रपट आवडत नसतानाही तो विकत घेतो. येथे मात्र वेष्टनाने माणसावर मात केली, असेच म्हणावे लागेल.

जर्मनीतील कथा निराळी. तेथे २००८ पासून वयोगटाचा शिक्का मुखपृष्ठावर किमान १२०० चौरस मिलिमीटर जागेत छापणे बंधनकारक झाले. मुलांच्या हिताचा हा नियम कोणीही आईबाप नाकारणार नाहीत. पण सुंदर चित्राच्या कोपऱ्यात भडक रंगाचा चौकोन पाहून संग्राहक हळहळले. प्रकाशकांनी तेथेही कागद उलटा करण्याची सोय दिली : दुकानात शिक्का दिसावा, घरी नेल्यावर चित्र.

आपल्याकडे वाट वेगळी होती. एका व्हीसीडीत साधारण सव्वा तासाचेच चित्रण मावत असल्याने हिंदी चित्रपटासाठी दोन-तीन चकत्या लागत. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला आणली. वेष्टन साधे झाले, पण ज्या घरांनी कधी चित्रपट विकत घेतला नव्हता त्या घरांत तो पोहोचला. वेष्टनाचा विचार करताना हीही बाजू विसरू नये.

घरातले कपाट

आता माझी एक चूक सांगतो. २००५ मध्ये घर बदलताना जागा वाचावी म्हणून मी सगळ्या चकत्या एका चेनच्या पाकिटात भरल्या आणि डब्या रद्दीवाल्याला दिल्या. त्यांबरोबर थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटची डबीही गेली. तिच्यावर दुकानाचे चित्र नव्हते. वडिलांनी निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत लिहिलेली तारीख, गावाचे नाव आणि आलेल्या पाहुण्यांची छोटी यादी होती. कॅसेट राहिली आणि पुढे तिची चकतीही करून घेतली. वडील आता नाहीत. त्या चित्रणात ते क्षणभर दिसतात. पण त्यांचे ते अक्षर मात्र कुठेच उरले नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरातील लग्नसमारंभांच्या कॅसेट असतील तर त्या उभ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरते, म्हणून कोरड्या जागी ठेवाव्यात. व्हीसीआर बनविणाऱ्या जपानी ‘फुनाई’ कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले आहे. तेव्हा चालू यंत्र मिळते आहे तोवर त्यांची नक्कल करून घ्यावी. आणि नक्कल झाल्यावर डबी टाकून देऊ नये. निदान दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून चित्रणासोबत जपावे.

संग्राहक वेष्टनाविषयी एवढा वाद का घालतात, हे मला त्या निळ्या शाईने शिकविले. चित्रपट पुन्हा मिळू शकतो. पण तो घरी कसा आला, कोणी आणला, कोणाच्या हाताने फळीवर ठेवला, हे सांगणारे एकच साक्षीदार असते आणि ते म्हणजे त्याची डबी.