हॉस्पिटल सोडून हॉटेलात

नॉर्मन कझिन्स हे अमेरिकन संपादक. १९६४ मध्ये त्यांचे सांधे जखडले. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. पठ्ठ्या हॉस्पिटल सोडून हॉटेलात मुक्कामाला! खर्च तिथे कमी, आणि पहाटे कोणी सुई घेऊन उठवत नाही. मार्क्स बंधूंचे विनोदी सिनेमे तर हॉस्पिटलातच सुरू झाले होते. १० मिनिटं पोट धरून हसलं की २ तास वेदनेविना झोप लागते, असं त्यांनी लिहून ठेवलंय. जोडीला 'क' जीवनसत्त्वाचे भलेमोठे डोसही चालू होते, त्यामुळे ते बरे झाले याचं सगळं श्रेय हसण्याला देणं मला पटत नाही.

त्यांच्याबद्दल वाचून डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या बागेत हास्य क्लब सुरू केला. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, वाह्यात उरले, लोक कुरकुरू लागले. मग ठरलं, विनोद नकोच, नुसतंच हसायचं!