वाऱ्यावरचा बेदाणा

पहाटे 5:15
मिरज-पंढरपूर रस्त्यावर नागज मागं टाकलं की दोन्ही अंगांना बेदाण्याची शेड लागतात. वर प्लॅस्टिकचा कागद, बाजूंना हिरवी शेडनेट, आत लोखंडी अँगलवर ताणलेल्या जाळ्यांचे एकावर एक अकरा कप्पे. जुनोनीपर्यंत हेच दिसत राहतं. मार्चचा मध्य, म्हणजे ऐन हंगाम. तासगावकडची द्राक्षं भरून दोन आयशर रात्रीच येऊन उभ्या आहेत. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेत.

शेड सांभाळणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. साठीचे असतील. उठल्या उठल्या खांबाला टांगलेल्या डबीकडं बघतात. चारशे रुपयांचा हवामापक. तापमान 18, आर्द्रता 66 टक्के. मग शेजारच्या शेडमध्ये शिरून एक मणी दाबतात. बारा दिवसांचा माल आहे तो. काल संध्याकाळी खडखडीत होता, आता बोटाला चिकटतो. रात्रीत त्यानं हवेतलं पाणी परत घेतलंय.

"आत्ता हवा पाणी ओढत न्हाई," मामा म्हणतात. "तिचं काम दहानंतर."

चुलीचा धूर पुरुषभर वर जातो आणि तिथंच आडवा पसरतो. रात्रभर जमिनीनं आपली उष्णता उघड्या आकाशाला देऊन टाकली. इथल्या हवेत वाफ थोडी, ढग नाही, त्यामुळे जाणारी उष्णता अडवून परत खाली पाठवणारं वर फारसं काही नव्हतं. जमीन गार पडली, तिला टेकलेली हवाही गार आणि जड झाली. तिच्यावरची हवा मात्र अजून उबदार आहे. खालची हवा वर जाईना, वरची खाली येईना. पान हलत नाही.

सकाळी 6:40
टाकी भरली. 500 लिटर पाणी, त्यात 12.5 किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि 7.5 लिटर डिपिंग ऑइल. पाणी दुधाळ होतं. दोन गडी समोरासमोर उभे राहतात. क्रेट बुडवायचं, दोन-तीन मिनिटं ठेवायचं, उचलायचं, निथळू द्यायचं. क्रेट 20 किलोचं, ओलं झाल्यावर त्याहून जड. आजचा माल 10 टन. म्हणजे असली पाचशे क्रेट, आणि उचलायची कमरेतून.

मण्यावर मेणाचा पातळ थर असतो. पाणी आत राखायला वेलीनं केलेली सोय. डिपिंगनं तो थर सैल होतो, पाण्याला वाट मिळते. एरवी महिनाभर चालणारं वाळवण मग पंधरवड्यात उरकतं. गड्यांच्या हातांना तसला थर नाही. रबरी मोज्यांची जोडी साठ रुपयांची, ती तीन दिवसांत फाटते. फाटक्या मोज्यातून कार्बोनेट आत जातं. एकाच्या नखांच्या कडेला चिरा पडल्यात. तो खिशातून खोबरेलाची पुडी काढतो, दातानं फोडतो, चोळतो, पुन्हा मोजे चढवतो.

सकाळी 8:10
जतकडच्या गावांतून बायकांचा पिकअप येतो. चौदा जणी. बाईला रोज 350, गड्याला 600. पिकअपचे माणशी तीस रुपये रोजातूनच कापले जातात.

निथळलेले घड जाळीवर एकेरी पसरायचे. सांगायला सोपं आहे. खालचे कप्पे वाकून, मधले उभ्यानं, वरचे शिडीवरून. सगळ्यांत मोठ्या अक्का मागून फिरतात. कुठं घडावर घड चढलेला दिसला की बोटानं सोडवतात.

"ए पोरी, वारं कुठनं जाणार हितनं?"

पोरगी जीभ चावते, पुन्हा पसरते. घड जिथं दाटला तिथं आतली ओल आतच राहते, आणि दोन दिवसांत बुरशी. अक्कांना हे कुणी शिकवलेलं नाही. त्यांची सतरा-अठरा वर्षं या जाळ्यांतच गेली. रोज मात्र शेजारच्या पोरीएवढाच. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, मीच विचारल्यावर नुसत्या हसल्या.

सकाळी 10:05
शेडनेट फुगली. आधी एकदा, मग थांबून पुन्हा. मामांनी डबी बघितली नाही. "सुटलं," एवढंच म्हणाले.

पलीकडं कुणी बांध पेटवलाय. पहाटे धूर आडवा होता, आता वळसे घेत उंच चाललाय. जमीन तापली, तिनं टेकलेली हवा तापवली, ती हलकी होऊन वर निघाली. तिच्या जागी वरची हवा खाली उतरते. वरची हवा जोरानं वाहणारी असते. येताना ती आपला वेग घेऊन येते. रात्रभर डोक्यावरून निघून जात असलेलं वारं असं दहाच्या सुमाराला शेडपर्यंत पोचतं.

शेडं इथंच का, याचंही उत्तर हवेतच आहे. पावसाळ्यातले ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथं पाचशेच्या आसपास. द्राक्षं तासगाव, मिरज, पार अथणीकडूनही येतात, वाळायला मात्र या माळावर. ज्या कोरडेपणापायी इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऊसतोडीला गेली, त्याच कोरडेपणाचं आता शेडमालक भाडं घेतात.

दुपारी 12:35
सूर्य डोक्यावर. डबीत 34. उन्हाचा जोर आत्ता सगळ्यांत जास्त, पण हवेचा पारा पुरता चढायला अजून दोन-अडीच तास आहेत.

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात सूर्याचे बाण थेट हवेत घुसतात, आणि पोरांना वाटतं हवा उन्हानं तापते. तापते, पण थोडीच. पृथ्वीवर येणाऱ्या उन्हापैकी जेमतेम चौथा हिस्सा वातावरण स्वतः शोषतं. निम्म्याच्या आसपास जमीन आणि समुद्र घेतात आणि मग खालून हवेला देतात. बेदाण्याला नेमकं हेच हवं असतं. थेट ऊन लागलं की मणी तपकिरी पडतो, भाव पडतो. म्हणून वर छप्पर, बाजूला जाळी. आधी माळ तापतो, माळानं हवा तापते आणि ती हवा आत येऊन मण्यातलं पाणी काढते.

बायका जेवायला बसल्यात. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माठ शेडच्या दारात, वाऱ्याच्या तोंडाला ठेवलाय. त्यातलं पाणी इथल्या कुठल्याही फ्रीजपेक्षा पिण्यासारखं.

दुपारी 1:50
समोरच्या नांगरटीतून वावटळ उठली. बुडाशी घागरीएवढी, बघता बघता ताडाएवढी. चौघी भाकरी टाकून पळाल्या आणि शेडनेटच्या कडा धरून उभ्या राहिल्या. ताजा माल तेलकट, ओला असतो. धूळ बसली की बसलीच. वावटळ रस्ता ओलांडून बाभळीत विरली. चौघी परत आल्या. एकीच्या चटणीत माती.

दुपारी 3:15
38 अंश, 17 टक्के. आता झाडणी. बारा दिवसांचा माल सकाळी चिकट होता, म्हणून ही वेळ गाठायची. दोघं जण जाळी धरून हलवतात. सुटलेले मणी कप्प्याकप्प्यातून गळत खालच्या कापडावर सरीसारखे पडतात. आवाज कोरडा. मामा मूठभर घेऊन दाबतात, सोडतात. मणी सुटे झाले, गोळा झाला नाही. पास.

मी डबी मागून घेतली. वारा जिकडून शिरतो तिकडं 38. ताजा माल भरलेल्या शेडच्या पलीकडच्या अंगाला 36. तेच वारं, आठ फूट पुढं गेलं आणि दोन अंशांनी गार झालं. ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात गेली.

किती लागते? एक लिटर पाणी उडवायला साधारण 0.67 युनिट विजेइतकी. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे 10 टनांतून साडेसात टन पाणी जायला हवं. हिशेब 5,000 युनिटचा. युनिटला 8 रुपये धरले तर 40,000 रुपये, एका शेडचे. मामांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "आणि आला वळीव, तर?"

दुपारी 4:50
पश्चिमेला ढग चढलेत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. सकाळपासून माळावरून उठलेली हवा वर वर जाताना किलोमीटरला दहा अंशांनी गार होत गेली. ती इतकी कोरडी की तिच्यातली वाफ तीन-साडेतीन किलोमीटरवर जाऊन कुठं ढग धरते. ढग धरताना वाफेतली उष्णता मोकळी होते आणि ढगाला आणखी वर ढकलते. मण्यातून निघतानाही वाफेनं अशीच उष्णता उचलली होती.

ढगाखाली पावसाचे राखाडी पडदे लोंबताना दिसतात, पण ते जमिनीला टेकत नाहीत. थेंब वाटेतच उडून जातात. उडताना आजूबाजूच्या हवेतली उष्णता घेतात. ती हवा गार होते, जड होते आणि थेट खाली कोसळते. खाली आपटून चारी अंगांना धावते.

"जाळी सोडा! दोर आवळा!"

आधी धुळीची भिंत, मग वारं. कागद फडाफडा वाजतो. वायव्येच्या कोपऱ्यात शेडनेटची शिवण तटातटा उसवली. गडी दोराला लोंबकळतात, बायका ताडपत्री ओढून झाडलेल्या ढिगावर पालथ्या पडतात. मोठे मोठे पाच-पन्नास थेंब आले आणि थांबले. पाऊण तास धूळ. डबीत 29 अंश, 43 टक्के. दिवसभर फुकटात माल वाळवला त्याच कारभारानं दहा मिनिटांत नऊ अंश पारा उतरवला आणि कोपऱ्यातले दोन कप्पे मातीत घातले.

अक्कांनी त्या कप्प्यांवरून बोट फिरवलं. बोट तांबडं. "हे येगळं काढा. काळ्यात जाईल." काळा म्हणजे खालची प्रत.

संध्याकाळी 6:35
रोज वाटप. तीस कापून 320. जाळी धरणाऱ्या चौघी मामांकडं बघत राहतात. मामा पाकिटातून पन्नासच्या चार नोटा काढतात. हे मालकाच्या वहीत लिहिलं जाणार नाही. अक्कांना पन्नास नाहीत, त्या ताडपत्रीवर होत्या. पिकअपवाला हॉर्न वाजवतो.

रात्री 8:50
वादळात दुसऱ्या आयशरची साठ क्रेट उतरायची राहिली. दोन बल्ब लावून गडी ती उतरवतायत. ढग अजून आहे, त्यामुळे कालच्यापेक्षा उकडतं. ड्रायव्हरनं हॉल्टिंगचे 800 मागितले. मामा म्हणाले, वारं काय मी सोडलं व्हय? ड्रायव्हर म्हणाला, मी पण न्हाई सोडलं. 500 वर मिटलं. पैसे मोजून झाल्यावर मामांनी सुई, सुतळी आणि बॅटरी घेतली, आणि एका पोराला शिडी धरायला सांगून उसवलेल्या कोपऱ्याकडं गेले.