बावीस लिटर पाणी आणि एक पंखा

स्वयंपाकाच्या गॅसची 14.2 किलोची टाकी संपली की आपण म्हणतो, गॅस जळून गेला. गेला कुठे? त्यातल्या हायड्रोजनने हवेतला ऑक्सिजन धरला आणि पाणी तयार झालं. एका टाकीमागे सुमारे 22 लिटर! म्हणजे गॅसपेक्षाही जास्त वजनाचं पाणी वाफ होऊन ओट्याभोवती पसरतं. भाताची वाफ आणि फोडणीचा ठसका वेगळाच.

वारूळवाडी-नारायणगावच्या पट्ट्यात ही ओल बाहेर काढायचं कोडं शेतकऱ्याने कधीच सोडवलंय. काढलेला कांदाही श्वास घेतो, ऊब आणि ओल सोडतो. म्हणून कांदा साठवायच्या चांगल्या बराखीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी आणि रुंदी चार-पाच फूटच. जास्त रुंद केली की मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचत नाही, आणि सड तिथूनच सुरू होते. गंमत अशी, की हे ज्याला तोंडपाठ, तोच माणूस स्लॅबचं घर बांधताना स्वयंपाकघराला घट्ट सरकत्या खिडक्या बसवतो आणि भिंतीत एक्झॉस्ट फॅन लावून निर्धास्त होतो.

दहा फूट लांब, रुंद, उंच खोलीत तीसेक किलो हवा असते. बाहेर जाईल तेवढी आत यायलाच हवी. सगळं बंद असेल तर फॅन नुसता गरगरतो. खिडकी उघडी आहे, पण फॅनच्या शेजारी? मग तो तिथलीच ताजी हवा ओढून बाहेर फेकतो, शेगडीवरचा धूर जागच्या जागी. हवा समोरच्या दाराखालून यावी, शेगडीवरून जावी आणि वर फॅनमधून निघावी. फॅन चालू करून उदबत्ती दाराच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे.

चिमणीच्या पाइपात तर आपण हमखास काटकसर करतो. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडला की तेवढीच हवा ढकलायला जवळजवळ साडेसात पट दाब लागतो. त्यात सुरकुत्यांचा पाइप आणि दोन-तीन वळणं. मोटर ओरडते, दोष चिमणीला!

बिनमोटरीची खरी करामत बांधावरच्या वारुळात आहे. शास्त्रज्ञ एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरातली वारुळं तपासून 2015 साली दाखवलं, की बाहेरच्या पातळ कडा दिवसा लवकर तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतली खाली उतरते. रात्री कडा आधी निवतात, प्रवाह उलटा फिरतो. वरून एकही भोक दिसत नाही. वायूंची देवघेव मातीच्या बारीक छिद्रांतून होते. झिंबाब्वेच्या हरारेत 1996 साली उभी राहिलेली ईस्टगेट इमारत वारुळांवरूनच सुचली होती. तिला मात्र पंखे लागतातच.