पद्मिनीच्या काचेचं रबर: दोरी, साबणाचं पाणी आणि चार हात

हेडफोन लावले असतील तर मागे पावसाचा आवाज येईल. तो कोल्हापूरचा जुलै आहे, इफेक्ट टाकलेला नाही. आज बोलायचंय आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीबद्दल, म्हणजे तिच्या पुढच्या काचेच्या रबराबद्दल.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या तेव्हा सगळे हळहळले. आमची मात्र बाबांच्या हट्टापायी अजून चालते. तीन पावसाळ्यांपूर्वी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं लागायला लागलं. एका गॅरेजवाल्यानं बाहेरून सिलिकॉन फासून दिलं. पाणी आत यायचं थांबलं नाही, आत आलेलं बाहेर जायचं तेवढं थांबलं. या मे महिन्यात रबर काढलं, तर खालच्या पत्र्याची कड पापडासारखी हातात आली.

आजच्या गाड्यांची काच बॉडीला चिकटवलेली असते. जुन्या गाडीत काच फक्त रबरावर उभी असते. रबराला दोन खाचा: एकीत काच, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची कड. उन्हानं रबर कडक होतं, आकसतं, आणि कोपऱ्यांत फट पडते.

उद्यमनगरातल्या एका काकांनी शिकवलं ते सांगतो. जुनं रबर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायचं नाही, ब्लेडनं कापून काढायचं. आमची काच टफन्ड आहे, कडेला टवका उडाला की अख्खी काच शेंगदाण्याएवढ्या तुकड्यांत खाली. आणि दुसरी शोधायची कुठं? मग पत्र्याचा गंज घासायचा, गेलेला भाग वेल्डिंग करून घ्यायचा, प्रायमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्यायचा. इथं घाई केली की बाकी सगळं वाया.

आता खरी गंमत. नवं रबर आधी काचेवर चढवायचं, गाडीवर नाही. बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवायची, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून वीतभर पुढं नेऊन आतल्या बाजूला सोडायची. साबणाचं पाणी भरपूर. तेल किंवा ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. एकानं बाहेरून तळव्यानं काच दाबायची, दुसऱ्यानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत पलटतो. आधी खाली, मग बाजू, शेवटी वर.

बाहेर बाबा, आत मी. डाव्या कोपऱ्यात रबर कमी पडतंय असं वाटून मी ते ताणलं. काका ओरडले, "आरं पोरा, ताणू नकोस! आज बसंल, उद्या मागं जाईल!" रबर कोपऱ्यात उलट थोडं ढकलून जास्तच भरायचं असतं. मी म्हटलं, बसलंय की.

पाइपनं पाणी मारून बघितलं, तेव्हा एक थेंबही आला नाही. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र मी रोज रात्री पायाखाली पेपर अंथरतो. परवापर्यंत कोरडा होता. आज सकाळी डाव्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग दिसला.

पाऊस थांबल्यावर तो कोपरा पुन्हा उघडणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते पॉडकास्ट ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय.