पालीच्या ओसरीवर सव्वा लाख कोटी कप्पे

बहिणीच्या घरचा लॅपटॉप सुरू व्हायचा तेवढ्यात चूल पेटून, आधण येऊन, चहा गाळून व्हायचा. तिचं सासर पालीचं. वेल्हे तालुक्यातलं, म्हणजे आता कागदोपत्री राजगड तालुक्यातलं, थेट गडाच्या पायथ्याचं गाव. पाली दरवाजाच्या वाटेनं गड चढून आलेल्या पोरांना ती पिठलं-भाकरी करून घालते. भाची पुण्यात शिकते आणि सुट्टीला आली की गावातल्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. फॉर्म भरायला माणसं ओसरीवर बसलेली असायची आणि लॅपटॉप आतल्या आत कुरकुरत राहायचा. ‘तुझं यंत्र जागं झालं का गं?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न.

एका शनिवारी तिचा तापकीर गल्लीतून फोन आला. “मामा, दुकानदार म्हणतोय एसएसडी टाक, विंडोज मारून देतो. दोन दाखवल्यात. दोन्ही ४८० जीबी, दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी. तीनशे रुपयांचा फरक आहे. कुठली घेऊ?”

एक किंग्स्टनची ए४००, दुसरी क्रुशलची बीएक्स५००. मी म्हटलं, डब्यावर काय लिहिलंय ते वाच. एकीवर वाचनाचा वेग सेकंदाला ५०० एमबी, दुसरीवर ५४०. “म्हणजे दुसरी चांगली ना?”

या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला पुढचा अख्खा रविवार लागला. पालीच्या ओसरीवर बसून दिलं, आणि देता देता माझाच ‘आ’ वासला.

आधी जुनी हार्ड डिस्क. तिच्या आत एक चकचकीत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून एक बारीक दांडी तरंगते आणि हवी ती जागा शोधत आत-बाहेर सरकते. एका फेरीला ११ मिलिसेकंद. ऐकायला क्षुल्लक, पण हवा असलेला तुकडा नुकताच पुढे निघून गेला असेल तर तबकडी फिरून येईपर्यंत थांबणं आलं. अशा रीतीनं विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच हाती लागतात. विंडोज उठताना असे हजारो तुकडे मागतं. चहा का होतो, ते इथं कळतं.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथं हे तुकडे सेकंदाला हजारोंनी मिळतात. जुना लॅपटॉप नव्यासारखा वाटतो तो या उडीमुळे. ५०० की ५४० यामुळे मुळीच नाही.

तो आकडा दाराचा आहे. या लॅपटॉपात हार्ड डिस्क जिथं बसते त्या जोडणीला साटा म्हणतात. तिच्यातून सेकंदाला ६०० एमबीच्या वर काही जाऊ शकत नाही. पाली दरवाजा उंच आहे, रुंद आहे, अंबारीसह हत्ती आत यावा असा आहे. तरी दरवाजा तो दरवाजाच. आत माणसं कितीही असोत, एका वेळी बाहेर किती पडतील ते चौकट ठरवते. आणि डब्यावरचा आकडा एकच मोठी फाइल सरळ रेषेत वाचतानाचा असतो. एवढी शिस्तबद्ध मिरवणूक रोजच्या कामात क्वचित निघते. नव्या लॅपटॉपात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ एसएसडी बसते. ती एनव्हीएमई जातीची असेल तर दरवाजा कित्येक पट मोठा, सेकंदाला ३५०० एमबी आणि त्याहून वर. पण एम.२ हा नुसता आकार आहे. त्याच आकारात साटाही मिळते. पट्टीची खाच न बघता विकत घेणारे पुन्हा तापकीर गल्लीत परत येतात.

मग दाराच्या आत काय आहे?

ओसरीसमोर राजगड उभा होता. पावसानं धुतला की त्याचे थर स्पष्ट दिसतात. काळा कडा, मग गवताची हिरवी पट्टी, पुन्हा कडा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक येत गेले आणि थिजले, त्यांच्या या पायऱ्या. भूगर्भशास्त्रात याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि त्यातला ‘ट्रॅप’ जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. मी भाचीला म्हटलं, तुझ्या हातातल्या त्या डबीतही असाच एक डोंगर आहे.

हा डोंगर सुचला तो जेवणाच्या टेबलावर. १९६७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डावॉन कांग आणि सायमन झी हे दोन संशोधक वीज गेल्यावरही आठवण टिकवणारा कप्पा शोधत होते. जेवणानंतर समोर थरांचा चीजकेक आला आणि ट्रान्झिस्टरमध्ये आणखी एक थर घातला तर, असं त्यांच्या मनात आलं. तो थर चारी बाजूंनी काचेसारख्या सिलिकॉन ऑक्साइडनं बंद, कशालाही न जोडलेला. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की वर्षानुवर्षं तिथंच राहणार. पुढे तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली आणि १९८७ मध्ये आज आपण वापरतो तो नँड प्रकार. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. सगळी पाटी एका झटक्यात पुसली जाते, ते पाहून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला होता.

कोंडायचं कसं, हे मला आजही जादूसारखं वाटतं. ऑक्साइडची भिंत दहा नॅनोमीटरच्या आतबाहेर, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी. तिला दार नाही, भोक नाही. जोराचा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन भिंतीतून पलीकडे जातो. भिंत चढत नाही, फोडतही नाही. पुंजभौतिकी त्याला ती मुभा देते. राजगडाला चोर दरवाजा आहे, पण तिथं निदान दरवाजा तरी आहे!

पूर्वी हे कप्पे जमिनीवर पसरलेल्या चाळीसारखे होते. जागा संपली तेव्हा चाळीचे मजले झाले. सॅमसंगनं २०१३ मध्ये २४ थरांची चिप बाजारात आणली. आता दोनशेच्या वर थर असतात. आधी सगळे थर एकावर एक चढवायचे, मग वरून खालपर्यंत आरपार भोकं पाडायची, प्रत्येक भोक साधारण शंभर नॅनोमीटर रुंद, आणि जिथं भोक थराला छेदतं तिथं एक कप्पा. सुवेळा माचीवर नेढं आहे, कातळात आरपार पडलेलं. गडावर गेलं की आपण त्यात बसून वारा खातो. इथं नखाएवढ्या चिपेत तशी नेढी अब्जांनी, आणि सगळी ओळंब्यात. आजच्या बहुतेक चिपांत इलेक्ट्रॉन अडकवणाऱ्या थराला ‘चार्ज ट्रॅप’ म्हणतात. हा ट्रॅप सापळ्यातला. जिन्याशी त्याचं नातं नाही, पण शब्द जुळला याची मला उगाच मजा वाटली. गंमत वस्तूतही आहे. समोरच्या काळ्या दगडाचा वजनानं जवळजवळ निम्मा भाग सिलिका आहे, म्हणजे या कप्प्यांच्या भिंतींचंच द्रव्य.

आता मापाची गोष्ट. कप्प्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत एवढंच पाहिलं तर एक बिट मिळतो. पण धान्य मोजायला एकच शेर असेल आणि त्यावर आठ खुणा केल्या, तर रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत आठ पातळ्या ओळखता येतात. म्हणजे एका कप्प्यात तीन बिट. याला टीएलसी म्हणतात. सोळा खुणा केल्या की चार बिट, क्यूएलसी. भाचीच्या ४८० जीबीसाठी टीएलसीचे सव्वा लाख कोटी कप्पे लागतात. क्यूएलसीत तेवढीच माहिती एक लाख कोटीहून कमी कप्प्यांत मावते. म्हणून ती स्वस्त. पण सोळा खुणा इतक्या जवळजवळ असतात की धान्य सपाट करून मोजायला वेळ लागतो, आणि चार दाणे सांडले तरी माप चुकतं. प्रत्येक लिहिण्या-पुसण्याला भिंत थोडी झिजते, दाणे जास्त सांडतात.

हा संथपणा लपवायला एक घरगुती युक्ती केलेली असते. नळाला अर्धा तास पाणी येतं तेव्हा आपण हाताला लागेल त्या हंड्या-बादल्यांत धडाधड भरून घेतो आणि मग निवांत पिंपात ओततो. एसएसडीही काही कप्पे एकाच बिटाचे समजून त्यांत भराभर लिहून घेते, मग सवडीनं आत रचते. हंडे भरेपर्यंत डब्यावरचा वेग खरा. लग्नाचं शंभर जीबीचं शूटिंग एका दमात टाकलं की हंडे संपतात, आणि स्वस्तातली क्यूएलसी थेट जुन्या हार्ड डिस्कच्या पंगतीला जाऊन बसते. फॉर्म भरणाऱ्या मुलीला मात्र हा दिवस कधी दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट डब्यावर नसते. सव्वा लाख कोटी कप्प्यांत काय कुठं ठेवलं त्याचा नकाशा लागतो, आणि झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एसएसडी सामान सतत हलवत असते, त्यामुळे नकाशाही सतत बदलतो. महागड्या एसएसडीत तो हाताशी ठेवायला वेगळी डीरॅम चिप असते. या दोन्हींत ती नाही. एनव्हीएमईला संगणकाच्या रॅममधला कोपरा उसना घेता येतो, साटाला तीही सोय नाही.

म्हणजे दार तेच, नकाशाची अडचण तीच. उरतं काय? लिहिण्याची हमी. ए४०० च्या ४८० जीबीला कंपनी १६० टेराबाइट सांगते, बीएक्स५०० ला १२०. भाचीनं लगेच मोबाइलवर भागाकार मांडला. रोज २० जीबी लिहिलं, आणि ती तेवढं लिहीत नाही, तरी १२० संपायला सोळा वर्षं. १६० ला जवळजवळ बावीस. “मामा, तोपर्यंत लॅपटॉपच्या बिजागऱ्या राहतील का?”

नाहीच राहणार. मग चिपेचा प्रकार बघून निवडावं, तर तिथंही पंचाईत. या दर्जाच्या मालात नाव तेच ठेवून आतलं सामान बदलण्याची चाल आहे. क्रुशलच्याच पी२ या एनव्हीएमई एसएसडीत २०२१ च्या सुमारास टीएलसी जाऊन क्यूएलसी आली, नाव तेच राहिलं. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० मध्येही चिप बदलली. हंडे भरल्यानंतरचा वेग घसरल्याचं लोकांनी मोजून दाखवलं, तेव्हा कंपनीनं यापुढे असा बदल केला तर मॉडेलचं नावही बदलू असं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबून आजचा डबा घेणं म्हणूनच फसवं. माझ्या मते या दोघींत ‘चांगली’ कुठली हे शोधत बसणं व्यर्थ होतं. नाव ठाऊक असलेल्या कंपनीची, पक्क्या बिलावर मिळणारी, त्यातली स्वस्त घ्यावी. काही नावांच्या एसएसडी मात्र इतक्या स्वस्त असतात की डब्यावर लिहिण्याची हमीच छापलेली नसते. त्या मी फुकटही घेणार नाही.

भाचीनं शनिवारी स्वस्तातलीच घेतली होती. उरलेल्या तीनशेत जुन्या हार्ड डिस्कसाठी यूएसबीचं केसिंग आलं. घरातले फोटो, सातबारे, दाखले यांची एक प्रत त्यात राहील. एसएसडी विजेविना वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायला बनलेली नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात, आणि झिजलेल्या भिंतींतून जास्तच. पावसाळ्यात पालीची वीज दिवसातून चारदा जाते आणि लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, म्हणून काम मध्येच बंद पडलं तर काय जाईल याचाही विचार होताच.

स्क्रू काढले. जुनी डिस्क हाताला जड, थंड. नवी इतकी हलकी की भाचीनं ती कानाशी धरून हलवली. आतली पाटी त्या डबीच्या निम्म्याहून लहान, बाकी सगळी पोकळ. बसवली, बटण दाबलं. बहीण सवयीनं चुलीकडे वळली होती. आधण यायच्या आत पडद्यावर गणपतीचं चित्र उमटलं, तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली, लॅपटॉपला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, “आवाज येईना गं. वीज गेली का काय?”