लोकसंगीत कशासाठी जपायचे?

लोकसंगीत जपावे, असे सारेच म्हणतात. ते कशासाठी जपायचे, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. लंडनमधल्या ‘द पोग्ज’ या वाद्यवृंदाकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

हा वाद्यवृंद १९८२ मध्ये स्थापन झाला. गायक शेन मॅकगोवन (१९५७–२०२३) आयरिश आईबापांचा, पण जन्मला इंग्लंडमध्ये. गोड गळा आणि शास्त्रोक्त शिक्षण नसले तरी बेधडक गा, ही पंक संगीताची शिकवण त्याने घेतली होती. त्या धिटाईने अकॉर्डियन, बॅन्जो आणि टिन व्हिसलवरची जुनी आयरिश गाणी भन्नाट वेगाने वाजू लागली.

पण हा केवळ चालींचा मेळ नव्हता. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे ठार झाली. इंग्लंडमधला आयरिश माणूस तेव्हापासून संशयित ठरला. १९७५ मध्ये सहा आयरिशांना जन्मठेप झाली. त्यांच्यावरील अन्याय पोग्जनी १९८८ मध्ये गाण्यातून मांडला. त्याच वर्षी खासगी नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या नियामक मंडळाने त्या गाण्याच्या प्रसारणावर बंदी घातली. १९९१ मध्ये न्यायालयाने सहाही जणांची शिक्षा रद्द केली. तोवर १६ वर्षे तुरुंगात गेली होती.

गाण्याने तुरुंग उघडला, असे मी म्हणत नाही. परंपरा नुसती मिरवली, तर सत्तेला ती आवडते. ती साक्ष देऊ लागली की बंदी येते, एवढेच मला सांगायचे आहे. आंबेडकरी जलशाच्या वारसांना हे वेगळे समजावायला नको.