आधी सेविकेला विचारा

*अंगणवाड्या आणि पाळणाघरांचे निकष, दर आणि नियम दिल्ली-मुंबईत ठरतात. रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांत ते राबवायचे असतात सेविका-मदतनिसांनी. नियम बनतानाच त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याची रीतसर सोय का हवी, याची ही मांडणी.*

४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४. तब्बल ५२ दिवस राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर होत्या. एम. ए. पाटील, शुभा शमीम आदींच्या नेतृत्वाखालच्या, सेविकांच्या संघटनांच्या कृती समितीने संप पुकारला होता. मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन या मागण्यांचा बातम्यांत बराच गाजावाजा झाला. मागणीपत्रकातल्या आणखी एका कलमाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा रोजचा दर आठ रुपयांवरून सोळा करा आणि तीव्र कुपोषित बालकासाठी तो बारावरून चोवीस करा, असं त्यात म्हटलं होतं. या वाढीतला एक पैसाही सेविकेच्या पदरात पडणार नव्हता.

हे कलम सेविकांनीच का घातलं, याचं उत्तर सोपं आहे. पातळ झालेली आमटी मुलांच्या ताटात त्यांना स्वतःच्या हाताने वाढावी लागते. सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकासाठी दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये हे दर केंद्राने २०१७ मध्ये ठरवले. हा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं ठरवलं होतं. किरकोळ बाजारात एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं. धान्य सवलतीत मिळालं तरी डाळ, तेल, भाजी आणि गॅस महागतच जातात. आहार शिजवून देणाऱ्या बचत गटाला हे गणित महिन्याच्या महिन्याला जुळवावं लागतं. कायद्याने ताटात काय हवं ते लिहिलं. त्याला किती पैसे लागतात, हे ताट वाढणाऱ्यांना विचारण्याची तरतूद कुठेच नाही.

हरकती-सूचनांचा टप्पाच नाही

सरकारी नियम बनण्याचे दोन रस्ते आहेत. एखाद्या कायद्याखाली नियम करायचे असले, की साधारणपणे मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. केंद्राने २०१४ मध्ये यासाठी धोरणच आखलं. कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं त्यात सांगितलं आहे.

दुसरा रस्ता योजनेचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा ही योजना आहे. तिच्यासाठी वेगळा कायदा झालेला नाही. ती चालते केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांवर, खात्याच्या पत्रांवर आणि राज्याच्या शासन निर्णयांवर. किती लोकसंख्येला एक अंगणवाडी, आहाराचा दर किती, इमारतीचं भाडं किती, नोंदी कुठल्या अ‍ॅपवर करायच्या, हे सगळं अशा कागदांतून ठरतं. शासन निर्णयाला मसुद्याचा टप्पा नसतो. तो निघतो, आयुक्तालयातून जिल्हा परिषदेत येतो, तिथून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि पुढे पर्यवेक्षिकेकडे. सेविकेला तो कळतो मासिक सभेत, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि तोवर अंमलाची तारीख येऊन ठेपलेली असते.

पैशाचीही तीच गत. केंद्राच्या लेखी सेविकेचं मानधन २०१८ पासून महिना ४,५०० रुपये आहे आणि त्यातला साठ टक्के वाटा केंद्राचा, म्हणजे २,७०० रुपये. राज्याने टप्प्याटप्प्याने भर घालत २०२४ मध्ये ते १३ हजारांवर नेलं, वर प्रोत्साहन भत्ता ठेवला. ही वाढ दर वेळी संप, मोर्चे आणि निवडणुकीच्या तोंडावरच्या वाटाघाटींतून आली. दर ठराविक वर्षांनी फेरविचार करायचा, असं बांधून दिलेलं वेळापत्रकच नाही.

वाडीचं गणित वेगळं

निकष दूर बसून ठरवले की काय होतं, ते रत्नागिरी जिल्ह्यात स्पष्ट दिसतं. ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी हा देशाचा निकष. डोंगराळ आणि दुर्गम भागासाठी तो ३०० पर्यंत खाली येतो. घाटावर सलग वसलेल्या गावात हा हिशेब बसतो. आमच्याकडे गाव म्हणजे दहा-बारा वाड्या. एक खाडीकाठी, एक सड्यावर, एक डोंगराच्या कुशीत. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, म्हणजे जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. कर्ते पुरुष मुंबईला. मागे बायका, म्हातारी माणसं आणि थोडी मुलं. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असलेला हा जिल्हा राज्यात पहिला होता, त्यामागेही मुख्यतः हेच कारण.

अशा ठिकाणी डोकी मोजून ठरवलेला निकष मुलांना अंगणवाडीपासून दूर लोटतो. कागदावर दोन वाड्या मिळून एक अंगणवाडी पुरते. प्रत्यक्षात दोन्हींच्या मधून पऱ्या वाहतो. जून ते सप्टेंबर त्यावरच्या साकवावरून तीन वर्षांच्या पोराला एकटं कोण पाठवणार? आजी शेतावर, आई बागेत नाहीतर काजूच्या कारखान्यात. ते मूल मग पावसाळाभर घरीच राहतं आणि वजनाच्या नोंदीत त्याच्यापुढे गैरहजर लागतं.

चांगल्या हेतूने केलेला नियमही इथे अपुरा पडतो. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी मोठा आदेश दिला. वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. धारावीसारख्या वस्तीला या आदेशाचा मोठा आधार आहे. मंडणगड किंवा लांज्यातल्या एखाद्या वाडीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं जमायची तर तीन वाड्या पालथ्या घालाव्या लागतील. लोकसंख्येच्या जोडीला ‘मुलाला पायी किती चालावं लागतं’ हा निकष असता, तर प्रश्न निम्मा सुटला असता. हे सुचायला अभ्यासगट नेमण्याची गरज नाही. वाडीवरच्या कुठल्याही सेविकेला ते ठाऊक आहे.

नियम बदलतात, पण फार उशिरा

सेविकांचं ऐकलं की योजना सुधारते, याचे दाखले डोळ्यांसमोर आहेत. मिनी अंगणवाडीचंच घ्या. लहान वस्तीसाठी काढलेल्या या केंद्रात मदतनीस नसायची. मुलांना गोळा करणं, शिकवणं, भरवणं, वजन-उंची घेणं आणि वर नोंदी ठेवणं, सारं एकटीने करायचं, तेही कमी मानधनावर. ती आजारी पडली की केंद्र बंद. कोकणासारख्या विखुरलेल्या वस्तीत मिनीचं मोल मोठं आणि तिथली ओढाताणही तेवढीच मोठी. मिनीला पूर्ण अंगणवाडीचा दर्जा द्या, ही संघटनांची जुनी मागणी अखेर मान्य झाली आणि राज्यातल्या सुमारे १३ हजार मिनी अंगणवाड्यांच्या रूपांतराचा निर्णय झाला.

दुसरा दाखला पोषण ट्रॅकरचा. २०२१ मध्ये हे अ‍ॅप आलं तेव्हा नोंदी इंग्रजीत कराव्या लागत. सरकारने दिलेल्या २ जीबी रॅमच्या फोनवर ते उघडतच नसे. मराठीतून शिकलेल्या, तीस-तीस वर्षं रजिस्टर चोख ठेवणाऱ्या बायका एकाएकी अडाणी ठरवल्या गेल्या. राज्यभर त्यांनी फोन परत केले, न्यायालयाची दारं ठोठावली. पुढे अ‍ॅपमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या. एका जिल्ह्यात महिनाभर ते वापरून बघितलं असतं, तर हा सगळा मनस्ताप वाचला असता.

त्या अनुभवातून धडा घेतलेला दिसत नाही. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना लाभार्थीचा चेहरा अ‍ॅपवर पडताळणं बंधनकारक झालं. सड्यावरच्या वाडीत रेंज मिळायची तर सेविका फोन हातात घेऊन खळ्यातून वर रस्त्यापर्यंत येते. मागून बाळाला कडेवर घेतलेली आई येते. फोटो निघतो, चक्र फिरत राहतं, रेंज जाते, पुन्हा पहिल्यापासून. बाळ उन्हात रडू लागतं. पाकिटं तिथेच, घेणारी तिथेच, देणारी तिला लग्न होऊन आल्यापासून ओळखणारी. तरी पडताळणी होईपर्यंत वाटप अडून राहतं. चोरी रोखण्याचा हेतू रास्त आहे. रेंज नसलेल्या गावात पर्यायी नोंद कशी चालेल, हे मात्र आधी विचारायला हवं होतं.

तिसरा दाखला न्यायालयाचा. २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल दिला. यांचं काम अर्धवेळ नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. त्याआधी २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेनेही योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावं, अशी शिफारस केली होती. ज्यांना सरकार ‘मानसेवी’ म्हणतं, त्यांचं मत कर्मचारी म्हणून विचारात घेतलं जात नाही. सल्ल्याचा प्रश्न आणि दर्जाचा प्रश्न असे एकमेकांत गुंतले आहेत.

अंगणवाडीचा जन्मच अनुभवातून

खरं तर ही सगळी योजना ज्या कल्पनेवर उभी आहे, ती कुठल्या कार्यालयात सुचलेली नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ होत्या. ग्राम बाल शिक्षा केंद्रात गावातली मुलं येत. दलित वस्तीतली येत नसत. मग या बायांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली, कारण मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी बसते, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. मुलांसोबत काम करणाऱ्यांनी काढलेली वाट पुढे देशाच्या धोरणात आली.

पाळणाघरांचे नियम अजून ओले आहेत

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे पाळणाघरांची व्यवस्था आत्ता आकाराला येते आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरं निघत आहेत. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात ३४५ मंजूर झाली. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. पाळणा सेविकेला मानधन ५,५०० रुपये आणि मदतनिसाला ३,०००.

रत्नागिरीत पाळणाघराची गरज हंगामावर हलते. फेब्रुवारी ते मे आंब्याच्या बागांत नेपाळी कुटुंबं राबतात. मिरकरवाड्याला पहाटे बोटी लागतात आणि मासळी निवडणाऱ्या बायकांचा दिवस अंगणवाडी उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. ठरलेल्या वेळेचं, बारमाही, एका जागचं पाळणाघर यांच्या उपयोगाचं नाही. मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी कामाच्या जागी हलणारी पाळणाघरं सुरू केली. त्यांचा अनुभव हाताशी आहे. नियमात तशी जागा हवी.

खासगी पाळणाघरांसाठी तर राज्यात स्वतंत्र परवाना कायदाच नाही. २०१६ मध्ये खारघरला दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली तेव्हा नियमावलीची चर्चा झाली. २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक शाळांना नोंदणी करायला सांगितलं गेलं. नोंदणी, तपासणी आणि प्रशिक्षण हवंच. मुलांच्या सुरक्षिततेत तडजोड नको. पण घरच्या दोन खोल्यांत पाच-सात मुलं सांभाळणाऱ्या बाईला आणि शहरातल्या मोठ्या साखळीला एकच फूटपट्टी लावली, तर पहिलीचं पाळणाघर बंद पडेल किंवा लपूनछपून चालेल. दोन्ही परिस्थितींत मूलच उघड्यावर पडतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात घरी मुलं सांभाळणाऱ्या बायांना २००५ मध्ये संघटितपणे सरकारशी बोलणी करण्याचा अधिकार मिळाला. अनुदानाचे दर आणि प्रशिक्षण यावर तिथे सरकार त्यांच्यासोबत बसून ठरवतं.

एवढं करता येईल

यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहायला नको. अंगणवाडी आणि पाळणाघराविषयीच्या प्रत्येक शासन निर्णयाचा मसुदा मराठीत ३० दिवस खुला ठेवावा आणि प्रकल्पाच्या मासिक सभेत वाचून त्यावरच्या सूचना लेखी नोंदवाव्यात. कुठल्या सूचना घेतल्या आणि कुठल्या का नाकारल्या, हेही लेखी कळवावं. आहाराचे दर महागाईशी जोडून दर वर्षी तपासावेत. कोकणासाठी अंतराचा निकष घालावा. नवं अ‍ॅप आधी मंडणगडसारख्या तालुक्यात वापरून बघावं. पाळणाघरांची नियमावली करताना घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बायांना समितीत घ्यावं.

गावपातळीवर तर आजही दार उघडं आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. या पैशाचा आराखडा सेविकेला विचारून व्हावा, असा आग्रह ग्रामसभेत पालकांनी धरला पाहिजे. मार्च २०२२ नंतर जिल्हा परिषदेवर कित्येक वर्षं प्रशासक होते. त्या काळात महिला व बालकल्याण समितीही नव्हती, म्हणजे सेविकेचं गाऱ्हाणं सभागृहात मांडणारं कुणी उरलंच नव्हतं. लोकनियुक्त समितीच्या बैठकांना सेविकांच्या प्रतिनिधींना बोलावणं हा साधा ठराव आहे. कुठलीही जिल्हा परिषद तो करू शकते, रत्नागिरीने तो सर्वांआधी करावा.

५२ दिवसांच्या संपात सरकारचे पैसे वाचले असतील, मुलांचे ५२ दिवस मात्र गेले. मूल तीन वर्षांचं असतं तेव्हा दोन महिने हा फार मोठा काळ असतो. जे म्हणणं एका सभेत ऐकून घेता येतं, त्यासाठी बायकांना रस्त्यावर बसवणं कुणालाच परवडणारं नाही. पुढचा शासन निर्णय काढण्याआधी तो मसुदा सेविकांसमोर ठेवा.